अर्धा किलो, एक दाणा कमी

जानेवारीत, रात्री साडेनऊला,
चेंबूर स्टेशनबाहेर पार्वताबाई गोणपाट आवरू लागते
तेव्हा मटार वीस रुपये किलो होतो.
'सासवडचा आहे गं, सकाळचाच,' ती म्हणते,
कुठली सकाळ, हे मी विचारत नाही.
पाच किलो. वर मूठभर कोथिंबीर, मागून घेतलेली.
पिशवीचे बंद बोटांत रुततात,
टिळकनगरच्या पुलापर्यंत मी तीनदा हात बदलते
आणि मनात श्रावणाचा हिशोब.

घरी आप्पा जागेच.
टांकसाळीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला
रात्री मोजायला काहीतरी लागतं.
मी वर्तमानपत्र पसरते, शेंगांचा ढीग ओतते.
त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत असतो,
बंद करायचं राहून गेलेल्या यंत्रासारखा.
शेंगेला लागला की थांबतो.
डॉक्टर बेहेऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले,
'मग सोलू द्या की.'

अळी निघाली की आप्पा म्हणतात, 'खोटं नाणं.'
ती शेंग फेकत नाहीत,
कडेला ठेवतात, नोंद व्हावी म्हणून.
काही दाणे कपाटाखाली पळतात.
गेल्या वर्षीचेही असतील तिथे,
वाळून छर्रे झालेले.

मग माझं काम.
उकळत्या पाण्यात मीठ, चिमूटभर साखर,
दोन मिनिटं, वर एक सेकंद नाही.
रंग असा उसळून येतो
की वाटतं, कसला श्रावण, आत्ताच खाऊन टाकावं.
लगेच बर्फाच्या पाण्यात.
आमच्या फ्रीजचा बर्फ पुरत नाही,
तळमजल्यावरची हेलन डाबरे देते डबाभर.
तिच्या बर्फाला बोंबलाचा वास असतो,
हे आप्पांना सांगायचं नाही.
जुन्या धोतरावर पसरायचे, टिपायचे,
पिशव्या भरायच्या,
कोपऱ्यातून स्ट्रॉ घालून हवा ओढून घ्यायची.
रात्री एक वाजता माझ्या तोंडात
हिरवी, गार, कच्ची हवा.

लेबल मात्र आप्पा लिहितात.
अक्षर वाकडंतिकडं, आकडे सरळ रांगेत:
१४ जाने. अर्धा किलो. एक दाणा कमी.
'एक कुठे गेला?'
'खाल्ला. तपासायला.'

*

श्रावणात पार्वताबाईकडे मटार दोनशे चाळीस.
मी नुसता भाव विचारते,
ती नुसती हसते,
मी कच्ची केळी उचलते.

आप्पांचा हात आता कशानेच थांबत नाही.
जुलैत गवार निवडायला दिली,
तर बराच वेळ तिच्याकडे बघत बसले
आणि मग मला म्हणाले, 'साहेब, ही कुठे जमा करायची?'
मी म्हटलं, 'माझ्याकडे द्या.'

आज शेवटची पिशवी.
लेबलावर बर्फ साचलेला,
अंगठ्याने घासून तारीख वाचली.
दाणे एकमेकांना घट्ट धरून बसलेले.
पिशवी ओट्यावर दोनदा आपटली
आणि स्टीलच्या परातीत ओतली.

खणखण, खणखण, मग एकेक, सुटा.

आप्पांनी खिडकीवरून मान वळवली.
त्यांनीच सांगितलं होतं कधीतरी,
टांकसाळीत एक खोली होती
जिथे माणसं दिवसभर नाणी आपटून नाद ऐकत बसायची.
बद्द वाजलं की बाजूला.
आप्पा ऐकत राहिले,
शेवटचा दाणा परातीच्या काठाला लागून
गप्प होईपर्यंत.
'ठीक आहे,' म्हणाले.
'जाऊ द्या पुढे.'

मी मोहरी टाकली.
उसळीला वास आला, अगदी किंचित, बोंबलाचा.
श्रावणी सोमवार होता.
दोघंही काही बोललो नाही.